३८ हजारांची तार

महागड्या तारेने गाणं जास्त चांगलं ऐकू येतं का? माझं उत्तर आधीच सांगून टाकते. तार पुरेशी जाड असेल आणि जोड घट्ट असतील, तर नाही. पण हौसेला असं उत्तर पटत नाही, बायकांच्या साड्यांच्या हौसेलाही नाही.

आमच्या मोठ्या भाऊजींना रेकॉर्डींचा नाद. बेळगावच्या मातीत तो असतोच म्हणा. कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे. भाऊजींचा अॅम्प्लिफायर जुना, स्पीकर त्याहून जुने आणि मधली तार इलेक्ट्रिकच्या दुकानातून मीटरवर मोजून आणलेली. एका दुकानदाराने त्यांना "दोन दिवस ऐकून बघा" म्हणून नवी तार दिली. किंमत ३८ हजार! करंगळीएवढी जाड, वरून विणलेलं कापड, ठेवायला मखमली डबा. माझ्या मंगळसूत्राला एवढा डबा मिळाला नव्हता. भाऊजींनी ती जोडली, डोळे मिटले आणि म्हणाले, "पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय बघ!"

त्यांना तसं वाटलं यात खोटं काही नाही. कान एकटा ऐकतच नाही. डोळे ऐकतात, मोजलेला पैसाही ऐकतो. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोघांनी १९९४ साली स्पीकरच्या बाबतीत हे दाखवून दिलं. तेच ऐकणारे, तेच स्पीकर. पण समोर दिसताना दिलेले गुण वेगळे आणि न बघता दिलेले वेगळे.

आमच्याकडे हे काम पुतण्याने केलं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली होती. त्याने मधे चादर बांधली, मागे बसून नाणं उडवायचं, छापा आला तर नवी तार, काटा आला तर जुनी. बोलायचं नाही, नुसती टाळी. दहा वेळा झालं. भाऊजींचं पाच वेळा बरोबर आलं. एवढं तर मी स्वयंपाकघरातूनही सांगितलं असतं!

मग पुतण्याने हिशेब मांडला. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तीन मीटर, जाऊन-येऊन सहा. तिचा अडथळा ०.०७ ओहमच्या आसपास. स्पीकरचा आठ. म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. तांब्याऐवजी चांदी घातली तरी वीज वाहून न्यायला ती सहा-सात टक्केच सरस. तार कुठे नडते? मंगल कार्यालयात माइकपासून शेवटच्या स्पीकरपर्यंत ४० मीटर बारीक वायर ओढली, जोड सैल सोडला, की आवाज खरोखरच पडतो किंवा घूं-घूं येते. तिथे जाड वायर घालावी, जोड नीट करावा. त्याला मखमली डबा लागत नाही.

हे सगळं चाललेलं असताना जाऊबाई, म्हणजे आमची आक्का, डाळ निवडत बसली होती. दहाव्या टाळीनंतर तिने मान वर केली. "सुरू झालं का ओ गाणं?"

कुणी बोललं नाही.

आक्काला गेली दोन वर्षं कमी ऐकू येतं. वयाने आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, त, फ ही अक्षरं विरून जातात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. आम्ही मात्र म्हणायचो, "आक्का लक्ष देत नाही." डॉक्टरांनी यंत्र सांगितलं होतं. "या वयात एवढा खर्च कशाला," असं घरात ठरलं. ठरवणाऱ्यांत आक्का स्वतःही होती, आपल्या बायकांचं असंच. आणि गंमत बघा, महागड्या तारेची जाहिरात त्याच उंच स्वरांची मोहिनी घालते, जे साठी उलटलेल्या पुरुषाला बरेचदा बायकोआधीच ऐकू येईनासे होतात.

मी भाऊजींना एवढंच विचारलं, "ही तार कुणाच्या कानासाठी?"

दुसऱ्या दिवशी डबा परत गेला. त्या आठवड्यात भाऊजी आक्काला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, तिथे स्वतःचीही तपासणी करून आले. दोघांचे आलेख उजवीकडे उतरलेले. भाऊजींचा जरा जास्तच. तो कागद त्यांनी रेकॉर्डींच्या कपाटात ठेवलाय.

यंत्र लावून आक्का घरात आली, खुर्चीवर टेकली आणि वर बघून म्हणाली, "हा पंखा एवढा वाजतो व्हय गं?"