तव्यावरून पानात

डेटाबेसमधून मोठाले अहवाल काढून देणाऱ्या कामात माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. वापरकर्ता कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो, तेव्हा दोष पुष्कळदा क्वेरीचा नसतो. उत्तर वाटेत जागोजागी साठवून ठेवण्याचा असतो. इंजिनाला तशी गरज नसते. गोएट्झ ग्रेफे यांच्या १९९४च्या व्होल्कॅनो या क्वेरी चालवणाऱ्या प्रणालीवरील शोधनिबंधाने रूढ केलेल्या पद्धतीत वरची क्रिया खालचीकडे ‘पुढची ओळ दे’ अशी मागणी करत राहते. म्हणजे शेवटची ओळ तयार व्हायच्या कितीतरी आधी पहिली हातात येऊ शकते. पण पोस्टग्रेस या डेटाबेसची मूळ सी लायब्ररी नेहमीच्या वापरात सगळं उत्तर मेमरीत जमवूनच प्रोग्रॅमला देते. एकेक ओळ घेण्याची सोय २०१२च्या ९.२ आवृत्तीत आली. जावाच्या ड्रायव्हरमध्ये फेच साइज, म्हणजे एका वेळी किती ओळी आणायच्या ते, ठरवली, पण ऑटोकमिट चालूच ठेवलं, तर ती निमूटपणे दुर्लक्षिली जाते. पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर मूळ सेटिंगप्रमाणे छोटे तुकडे बफर भरेपर्यंत धरून ठेवतो, आणि उत्तर आकसणारा गझिपही तेच करतो. पोळी तव्यावरून थेट पानात पडायची असेल, तर मधल्या एकानेही डबा उघडून बसता कामा नये. चारपैकी तीन थर दुरुस्त केले, तर वापरकर्त्याला बऱ्याचदा काहीच फरक जाणवत नाही.

एकूण वेळ तेवढाच लागणार असेल तर हा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. जेकब नीलसन यांनी १९९३मध्ये मांडलेल्या मर्यादा इथे उपयोगी पडतात: १ सेकंदापर्यंत विचारांची लय टिकते, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. माणूस शेवटच्या ओळीची नाही, पहिल्या ओळीची वाट बघतो. शिवाय अहवाल कितीही मोठा असला तरी सर्व्हरची मेमरी फुगत नाही. क्रम लावायचा असेल तर सगळं गोळा करावंच लागतं, हा आक्षेप अर्धा खरा आहे. योग्य इंडेक्स असेल तर ओळी क्रमानेच निघतात. पोस्टग्रेस तर कर्सर वापरल्यावर फक्त १० टक्के ओळी वाचल्या जातील असं गृहीत धरून लवकर सुरू होणारी योजना निवडू पाहतो.

दोन आक्षेप मात्र मला वजनदार वाटतात. पहिला, २०० हा यशाचा कोड आधीच रवाना झाल्यावर मध्येच क्वेरी कोसळली, तर अर्धवट फाइल पूर्ण समजली जाऊ शकते. म्हणून शेवटी एकूण ओळींची संख्या सांगणारी एक समाप्तीची ओळ हवीच. ती नसेल तर उत्तर अपुरं धरावं. दुसरा त्याहून अवघड आहे: संथ नेटवर्कवरचा एक वापरकर्ता कनेक्शन आणि ट्रान्झॅक्शन दोन्ही अडवून ठेवतो. पोस्टग्रेसमध्ये मूळ मर्यादा १०० कनेक्शनची, आणि लांबलेल्या ट्रान्झॅक्शनमुळे व्हॅक्यूम या साफसफाईच्या प्रक्रियेला मृत ओळी हटवता येत नाहीत. म्हणजे बफर निव्वळ आळस नाही. तो डेटाबेसला ग्राहकाच्या संथपणापासून वाचवतो.

म्हणून पडद्यावरच्या यादीसाठी मी पानापानाने उत्तर देणंच पसंत करतो, आणि ओळ तयार होताच पुढे पाठवणारा प्रवाह राखून ठेवतो तो लाखो ओळींच्या निर्यातीसाठी, तोही कालमर्यादा घालून. बफर कुठे असावा हे आपण ठरवायचं. तो आपसूक कुठे आहे हे तक्रार आल्यावर कळू नये.