हाकेच्या अंतरावर

सायकल चालवणं म्हणजे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणं, असं माझं ठाम मत होतं. वाटेत घाट हवा, चहाची टपरी हवी, अंगावर येणारं वारं हवं. जी सायकल जागची हलत नाही तिच्यावर घाम गाळण्यात काय हशील, हे मी आमच्या सायकलस्वारांच्या गटात कितीदा तरी बोलून दाखवलं आहे. पुण्यात राहायचं, पहाटे पाचला कोथरूडहून निघालं की उजाडेपर्यंत खेड-शिवापूर गाठता येतं, आणि तरी भिंतीकडे तोंड करून पायडल मारायचे, हे माझ्या गळी उतरतच नसे. पावसाळ्यात घरात ट्रेनर लावू का विचारणाऱ्या मैत्रिणीला मी सरळ रेनकोट घे म्हणून सांगितलं होतं.

आज माझं मत तसं राहिलेलं नाही. मात्र ते सगळंच्या सगळं बदललेलं नाही, म्हणून कुठे बदललं आणि कुठे नाही हे नीट मांडायला हवं.

सुरुवात गरजेपोटी झाली. सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, वॉकर आला, पण उठताना कुणीतरी हाताशी लागायचं. नवऱ्याची चाकणला जाणारी कंपनीची बस पहाटे सव्वापाचला. मदतीला येणाऱ्या ताई नऊ वाजता येणार. म्हणजे सकाळचे हे तीन-चार तास घरात मीच असायला हवं होतं, आणि माझी सायकल नेमकी याच वेळेतली. पहिले काही महिने मी सायकल सोडलीच. बाल्कनीत तिच्यावर जुनी चादर टाकून ठेवली होती. आईंनाच ते बघवेना. त्या म्हणाल्या, "अगं, माझ्यामुळे तुझं सगळं थांबलं, हे मला चालायचं नाही. घरात चालवतात म्हणे, ते काय ते आण."

ते 'काय ते' दोन प्रकारचं असतं. एकात सायकलचं मागचं चाक जागेवरच राहतं आणि त्याचा टायर एका रुळावर दाबून बसवतात. याला व्हील-ऑन म्हणतात. हा स्वस्त पडतो, पण टायर झिजतो, आवाज करतो, आणि टायरमध्ये हवा थोडी कमी-जास्त झाली की वॅटचा आकडा बदलतो. दुसरा डायरेक्ट ड्राइव्ह. त्यात मागचं चाक काढून सायकल थेट यंत्रावर चढवायची. चेन यंत्राच्याच कॅसेटवर फिरते. मी गटातल्या एकाकडून वापरलेला डायरेक्ट ड्राइव्ह घेतला. चाक काढायचं म्हटल्यावर दुकानात न्यावा असं पहिल्यांदा वाटलं, पण आईंना सोडून निघणंच शक्य नव्हतं. मग त्यांच्या पलंगासमोर जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि स्वतःच बसले.

माझी सायकल जुनी, क्विक रिलीजची. मागच्या चिमट्यातलं अंतर १३० मिलिमीटर. आत्ताच्या सायकलींना थ्रू अ‍ॅक्सल असतो, तिथे १४२ किंवा १४८ हे माप लागतं, आणि त्या-त्या मापाचे अडॅप्टर यंत्राबरोबर असावे लागतात. विकत घेण्याआधी बघायची गोष्ट हीच. माझी सायकल दहा गिअरची, म्हणून यंत्रावरही दहाचीच कॅसेट लागते, पण यंत्राचा फ्रीहब अकरा गिअरचा. तशीच बसवली तर कॅसेट सैल राहते आणि हलते. त्या दोन्हींच्या मध्ये १.८५ मिलिमीटर जाडीची एक चकती घालावी लागते. ती बांगडीसारखी चकती हातात घेतल्यावर इतक्याशा गोष्टीने काय फरक पडणार असं वाटतं, पण ती विसरली तर लॉकरिंग कितीही आवळा, कॅसेट खुळखुळत राहते. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची असते. माझ्याकडे टॉर्क रेंच होता. नसेल त्याने एवढ्या कामापुरता मेकॅनिकला घरी बोलवावं.

नंतर चेन सगळ्यात लहान गिअरवर आणली, चाक काढलं, डिरेलर मागे ओढून सायकल चढवली. पहिल्याच फिरवण्यात चौथ्या-पाचव्या गिअरवर कडकड सुरू झाली, कारण यंत्राची कॅसेट माझ्या चाकातल्या कॅसेटपेक्षा केसभर आत-बाहेर असते. केबलच्या टोकाशी असलेली पितळी फिरकी अर्धा आटा फिरवली आणि आवाज बंद झाला. आई पलंगावरून बघत होत्या. त्यांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. ते त्यांनी तेव्हा सांगितलं. मग मला किल्ल्या आणि पाने देण्याचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आठवड्याभरात दार वाजवलं. पहाटे घरघर ऐकू येते, म्हणाल्या. आवाज हवेतून जातो त्यापेक्षा स्लॅबमधून जास्त उतरतो. मी त्यांना आत बोलावून यंत्र दाखवलं, खाली जाड रबरी चटई टाकली आणि सहाच्या आधी चालवायचं नाही असं त्यांच्याशी ठरवलं. तेवढ्यावर मिटलं.

पंख्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण ट्रेनर घेऊन महिनाभरात कोपऱ्यात ढकललेले मी कितीतरी पाहिलेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं कारण कंटाळा नसून उकाडा असावा असं मला वाटतं. शरीर खर्च करतं त्यातली जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा शक्ती पायडलवर उतरते, बाकीची उष्णता होते. पायडलवर १५० वॅट लावत असाल तर अंगातून ४५० ते ६०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. रस्त्यावर ताशी पंचवीस किलोमीटरने जाताना तेवढ्याच वेगाचं वारं अंगावर येतं आणि घाम तिथल्या तिथे उडून जातो. घरात तो उडत नाही, टपकतो, आणि टपकलेला घाम अंग थंड करत नाही. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवा आधीच दमट. मुंबईत, कोकणात, गोव्यात तर बारा महिने हीच अडचण. छताच्या पंख्याने काही होत नाही. उभा पंखा समोर हवा, झोत छातीवर हवा, आणि जमलं तर दुसरा पाठीकडून. पहिल्या दिवशी मी पंख्याशिवाय बसले होते. नाडी इतकी चढली की पायांत ताकद असूनही थांबावं लागलं. पंखा लावल्यावर तोच वेग, तेच पाय, आणि श्वास ताब्यात.

घाम सायकलही खातो. हँडलवर टॉवेल न टाकता बरेच महिने चालवल्यावर एकदा हँडलची टेप उलगडली. आतल्या अ‍ॅल्युमिनियमवर मिठाचा पांढरा थर आणि बोल्टांवर तांबूस गंज. रस्त्यावर इतक्या वर्षांच्या पावसाने जे झालं नव्हतं ते घरात झालं. आता टॉवेल असतोच, आणि उतरल्यावर ओल्या फडक्याने दांडी आणि हँडल पुसते.

बायकांसाठी एक गोष्ट स्पष्टच लिहिते. रस्त्यावर सायकल डावी-उजवीकडे डुलते, खड्डा आला की आपण उठतो, उतारावर बूड हलवतो. यंत्रावर चढवलेली सायकल जराही डुलत नाही. सगळा भार एकाच नाजूक जागी येतो, आणि अर्ध्या तासात बधिरपणा येतो. याबद्दल आपसात कुणी बोलत नाही, आणि बायका गुपचूप सायकल बंद करतात. दर दहा मिनिटांनी पायडलवर उभं राहायचं. सीटचं टोक अगदी थोडं, एखाद-दोन अंश खाली झुकवायचं. गादीची चांगली शॉर्ट घरातही घालायची. एवढं करूनही बधिरपणा राहिला तर सीट बदलायची, सहन करत बसायचं नाही.

इथपर्यंत मी ट्रेनरकडे तडजोड म्हणूनच बघत होते. मत बदललं ते नंतर, त्याने मला माझं सायकल चालवणं दाखवलं तेव्हा.

रस्त्यावर आपण वाटतं तितका वेळ पायडल मारत नसतो. सिग्नल असतो, कात्रजचा बोगदा ओलांडला की शिवापूरच्या बाजूचा उतार असतो, पुढच्याच्या पाठीमागे लपून चालता येतं. घाटात मी जीव तोडून चढायचे, वर पोचल्याचा आनंद व्हायचा, आणि त्यालाच मी माझी ताकद समजत होते. ट्रेनरवर पाय थांबले की सगळं थांबतं. वीस मिनिटं झेपेल तेवढ्या जोरात चालवून त्या सरासरीचे ९५ टक्के घ्यायचे, तो आपला एफटीपी. त्याच्या ५६ ते ७५ टक्क्यांत तासभर, एकसारखं, बोलता येईल इतक्याच श्वासात चालवायचं, हे कागदावर किती सोपं दिसतं. मला ते जमत नव्हतं. मी मध्येच जोर लावायचे, मध्येच ढिली पडायचे. माझ्या पायांना जोर माहीत होता, सातत्य माहीत नव्हतं.

अर्ग मोडमध्ये तर लपायला जागाच नाही. यंत्राला १४० वॅट सांगितले की ते १४०च मागतं. पाय मंदावले तर यंत्र आणखी जड होतं, त्याने पाय आणखी मंदावतात, आणि शेवटी पायडल चिखलात रुतल्यासारखे थांबतात. यावर उपाय म्हणजे जोर वाढवायचा नाही, फेऱ्या वाढवायच्या, त्याही जड वाटायच्या आधीच. हे अंगवळणी पडायला वेळ लागला. पण पडल्यावर हिवाळ्यात ३०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या फेरीला गेले. तिला २० तासांची मुदत असते. त्या दिवशी नणंदबाई आईंजवळ येऊन राहिल्या होत्या. खंबाटकीच्या चढावर गटातले सगळे नेहमीसारखे पुढे गेले आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या मागे धावले नाही. माझ्या श्वासात चढत राहिले. परतीच्या वाटेवर, शेवटच्या टप्प्यात, त्यांतले बरेच जण मला एकेक करून भेटत गेले. माझे पाय तेव्हाही सकाळसारखे चालत होते.

मग मी इतरांचं वाचायला लागले. मॅथ्यू हेमन या ऑस्ट्रेलियन सायकलपटूचा २०१६ च्या फेब्रुवारीत शर्यतीत हात मोडला. पुढचे आठवडे त्याने घरी ट्रेनरवर काढले आणि एप्रिलमध्ये दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे जिंकली, तीही पाचव्या विजेतेपदासाठी उतरलेल्या टॉम बूननला मागे टाकून. जे व्हाइनने २०२० मध्ये झ्विफ्ट या घरबसल्या सायकल चालवायच्या अ‍ॅपवरच्या निवड स्पर्धेतून व्यावसायिक संघात जागा मिळवली आणि २०२२ च्या स्पेनच्या व्हुएल्टात डोंगरमाथ्यावर संपणारे दोन टप्पे जिंकले. त्याच २०२० मध्ये घरात बसून खेळायच्या सायकलिंगची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. पुरुषांत ती जिंकणारा जेसन ऑस्बोर्न तेव्हा मुळात वल्हवणारा खेळाडू होता. घरातले वॅट रस्त्यावर चालत नाहीत, हे मी म्हणायचे. या माणसांचे चाललेले दिसतात.

आता जे बदललं नाही ते. उतारावर वळणात सायकल कशी टेकवायची, ओल्या रंगपट्ट्यांवर ब्रेक कसा जपून लावायचा, मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज कानांनी कसा घ्यायचा, गटात पुढच्याच्या चाकापासून हातभर अंतरावर कसं राहायचं, यातलं काहीही ट्रेनर शिकवत नाही. नुसत्या ट्रेनरवर ताकद कमावून थेट वरंधा घाटात उतरणाऱ्या नव्या पोरांची मला खरोखर काळजी वाटते. पायांत वेग येतो आणि हातांना त्याची ओळख नसते. आमच्या गटात अशांना मी आधी मोकळ्या मैदानावर ब्रेक आणि वळणं करायला लावते, आणि त्यावर ऐकून घेत नाही. पडद्यावरचा डोंगरही मला डोंगर वाटत नाही. मी पडदा लावतच नाही. आईंचा रेडिओ चालू असतो, बातम्या, मग भक्तिगीतं, मधूनच त्यांची हाक. पाणी हवं असेल तर उतरायचं, द्यायचं, परत चढायचं. पावसाळ्यात वीज गेली की यंत्राचा जोर जातो आणि पायडल मोकळे फिरतात. तो दिवस तिथेच संपवायचा.

आमच्या गटात बीआरएम करणारे पुष्कळ आहेत, पण मूल झाल्यावर, घरात कुणी आजारी पडल्यावर, स्वतःचं हाड मोडल्यावर गटातून गळून गेलेले त्याहून जास्त असतील. त्यात बायका किती, हे मी नावं घेऊन सांगू शकते. आम्ही त्यांना 'सुटेल तेव्हा ये' म्हणत आलो. रस्ता हीच सायकल असं मानलं की दुसरं काही म्हणता येत नाही. ते मला आता पटत नाही. म्हणून यंदाच्या वर्गणीतून एक वापरलेला व्हील-ऑन ट्रेनर घ्यायचा प्रस्ताव मी मांडला. व्हील-ऑन अशासाठी, की एकदा टायर बदलला की चाक काढायला नको, कॅसेट जुळवायला नको, क्विक रिलीजची कुठलीही सायकल दहा मिनिटांत बसते. ज्याला घर सोडता येत नाही त्याच्याकडे तो तीन महिने राहील, मग पुढच्या घरी. बरोबर रबरी चटई, ट्रेनरचा कडक टायर, मागच्या चाकाला घालायचा त्याचा स्वतःचा स्क्यूअर आणि एक उभा पंखा. पंख्याला दोघांनी विरोध केला, पंखा घरोघरी असतोच म्हणाले. मी अडून बसले. प्रस्ताव पंख्यासकट मंजूर झाला, आणि ट्रेनर पहिल्यांदा कुणाकडे जाणार हेही ठरलं: मी जिला रेनकोट घे म्हणाले होते तिच्याकडे. तिची मुलगी आता चार महिन्यांची आहे.