आधी बुश, मग इंजिन

आमच्या घरी एक कॉन्टेसा आहे. १९९६ ची, म्हणजे माझ्यापेक्षा वर्षाने मोठी. म्हणून तिला आम्ही 'ताई' म्हणतो, आणि लाडही तिचेच जास्त होतात. हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी १९८४ मध्ये आणली, व्हॉक्सहॉलच्या एका जुन्या ब्रिटिश मॉडेलवरून. लांबलचक बॉनेट बघून लोक तिला 'देशी मसल कार' म्हणतात. गंमत म्हणजे सुरुवातीला त्या बॉनेटखाली अँबेसेडरचंच दीड लिटरचं इंजिन होतं! पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं, तेव्हा कुठे मसलमध्ये जीव आला. आमची ताई त्यातली.

तर गेल्या जुलैतली गोष्ट. लोणावळ्याहून पवनानगरमार्गे तळेगावला घरी यायचं ठरलं. गाडी बाबा चालवत होते, आई मागे. दुधिवरे खिंडीच्या उतारावर, भर पावसात, एका वळणात बाबांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडीची मागची बाजू सुटली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबलो. घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही. बाबांनी चावी देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, "वय झालं आता." कुणाचं, ते सांगितलं नाही.

मी पडलो इंजिनियर. त्याच रात्री एक्सेल शीट उघडली. मोठं इंजिन, रुंद अलॉय व्हील, कडक स्प्रिंग, गाडी दोन इंच खाली.. बजेट पगाराच्या बाहेर! शनिवारी शीट घेऊन कामशेतच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी ती बघितलीसुद्धा नाही. (इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, हे तर माझ्या शीटमध्ये नव्हतंच.) काकांनी गाडीचा एक कोपरा जोरात दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबायला हवी, ताई तीन-चार वेळा डोलली. "शॉकप गेलेत." मग खाली सरकून पहारीने पुढचे आर्म हलवले. रबरी बुश पार चुरा झालेले. म्हणजे वळणात चाक ज्या कोनात राहायला हवं, त्या कोनात राहतच नव्हतं.

शेवटी टायर. मी ऐटीत म्हणालो, "टायर नवे आहेत, नक्षी बघा ना!" काकांनी टायरच्या अंगावरचे चार आकडे दाखवले: २३१०. म्हणजे २०१० सालचा २३ वा आठवडा. गाडी वर्षात पाचशे किलोमीटर फिरते, त्यामुळे नक्षी शाबूत, पण रबर लाकडासारखं कडक. उतारावर वळणात पाय काढला की गाडीचं वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी ओल्या रस्त्यावर ते रबर काय धरणार, कपाळ?

आता खरी गोष्ट. नोकरी लागल्यापासून ताईची देखभाल माझ्याकडे आहे. म्हणजे चूक बाबांच्या वयाची नव्हती, माझी होती. हे कळूनही मी दोन आठवडे बाबांना सांगितलं नाही. त्यांना स्वतःवर शंका घेत बसू दिलं. ऑफिसात दुसऱ्याच्या बगवर भलीमोठी मेल लिहिणारा मी..

असो. कामं अगदी साधी निघाली. पाच नवे टायर (स्टेपनीसकट), चारही शॉकप, पुढचे-मागचे बुश, मग व्हील अलाइनमेंट. एक गोष्ट नव्याने शिकलो: बुशचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. जॅकवर आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्प्रिंग मूळचेच ठेवले. आपल्या रस्त्यांवर कडक स्प्रिंगची गाडी खड्ड्यात उडते, आणि उडालेलं चाक वळत नाही.

अमेरिकेतही हेच झालं होतं म्हणा. १९६५ ची शेल्बी जीटी ३५० म्हणजे मस्टँगच, पण कॅरोल शेल्बीच्या लोकांनी तिच्या पुढच्या वरच्या आर्मचे बिंदू इंचभर खाली घेतले, अँटी-रोल बार जाड केला. इंजिनवरही काम केलंच, पण वळणात गाडी बदलली ती त्या इंचाने.

काम झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आधी का नाही बोललास?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी चावी त्यांनीच काढली.

पुन्हा तीच खिंड, पुन्हा पाऊस. बाबांनी वळणाच्या आधीच वेग कमी केला, पाय स्थिर ठेवला. ताई थोडी झुकली आणि मुकाट वळली. वेग काही वाढलेला नाही हो तिचा. फक्त आता पुढे काय करणार ते ती आधी सांगते.

मागून आई म्हणाली, "पवनानगरला चहा घेऊ या का?" आमच्या टेस्टिंगचा रिपोर्ट तोच! :)