गळतीची बादली

25 मे 2025
रोहिणी आज लागली, पण पाऊस तिची वाट न बघता आधीच येऊन बसलाय. बांधाच्या फळ्या आम्ही मृगाच्या तोंडावर काढतो. यंदा आमचा नेम कुणी विचारलाच नाही. सकाळी ओढ्यावर गेलो तर पाणी फळ्यांवरून चाललेलं.

बांध म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. माझ्या छातीएवढी काँक्रीटची भिंत, मधोमध दोन खिडक्या, एकेकीत पाच-पाच फळ्या. दिवाळीनंतर फळ्या बसवल्या की शिमग्यापर्यंत गुरांना पाणी पुरतं, आणि रविवारी गड बघून उतरणाऱ्यांना डुंबायला डोह मिळतो. पावसात मात्र खिडक्या मोकळ्या हव्यात. नाहीतर लोंढा भिंतीवरून जातो, आणि तिथेही मावला नाही की काठ कोरून भिंतीला वळसा घालतो.

फळ्या फुगून खाचेत घट्ट बसल्या होत्या. पुतण्या कमरेला दोर बांधून उतरला, दोराचं दुसरं टोक आंब्याला. पहारीने सात निघाल्या. तळाच्या तीन हलेनात. पाण्याचा सगळ्यात जास्त दाब तळाशी, तिथे माणसाचा जोर चालत नाही. पाटबंधाऱ्याच्या कामांवर मुकादमी केली तेव्हा हे मीच दुसऱ्यांना सुनवायचो.

6 जून
गडावर शिवराज्याभिषेक. कालपासून पाचाडच्या रस्त्याला गाड्यांची रीघ. घरात पहाटे तीनला चूल पेटली ती दुपारीच विझली.

संध्याकाळी उतरलेली पोरं थेट डोहावर. एक भिंतीवर उभा राहून विचारतो, "काका, खोल किती आहे?" म्हटलं, "कालचं सांगू की आजचं?" सगळे हसले. मी काही चेष्टा करत नव्हतो. एका रात्रीच्या पावसात ओढा दगडगोटे आणून टाकतो. काल जिथे पुरुषभर पाणी, तिथे आज कमरेएवढं, आणि खाली धोंडा. उडी मारायची नाही, बसून उतरायचं, एवढं कबूल करून घेतलं. दोघांनी ऐकलं.

इथे आलेला प्रत्येक जण हिरकणी कुठून उतरली ते विचारतो. कडा दाखवला की चेहरा गंभीर होतो. छातीभर पाण्याला मात्र कुणी गंभीर होत नाही.

11 जून
उजव्या कुशीला, भिंत जिथे काठाला भिडते तिथे, खालच्या अंगाला दगडांतून पाणी येतंय. गेल्या वर्षी नुसतं पाझरत होतं, आता धार लागलीय. पन्हळीचा तुकडा लावून बारा लिटरची बादली खाली धरली. मोबाईलवर वेळ लावली: चाळीस सेकंद. म्हणजे दिवसाला जवळपास 26 हजार लिटर, मोठे अडीच टँकर. आपल्या तालुक्यात 3 हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये वाड्यावाड्यांवर टँकर फिरतात. हिशेब मांडला की हसू येतं.

पण पाणी डोहाचं की डोंगराचं? सहा तारखेचा उरलेला गुलाल डोहाच्या उजव्या कोपऱ्यात कालवला आणि खाली येऊन बसलो. बिडी ओढून झाली, दुसरी पेटवली, तेवढ्यात धार गुलाबी. म्हणजे डोहाचंच. भिंतीला तडा नाही. पाणी भिंतीच्या बगलेतून, मातीतून वाट काढतंय. सगळे भिंत बघतात. असले छोटे बांध बहुधा कुशीतून नाहीतर पायाखालून जातात.

धार स्वच्छ आहे, म्हणून आज झोप लागेल.

16 जून
काल दुपारी तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पडला. रविवारची गर्दी, पुलावर माणसंच माणसं. चार गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथेही होता.

आपल्याही बांधावर पाटी आहे, 'पोहण्यास सक्त मनाई'. अक्षरं गंजून 'पोहण्यास सक्त' एवढंच उरलंय. पाहुणे तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. आज रंगाचा डबा आणून मनाई पुन्हा लिहिली.

2 जुलै
तिवऱ्याला आज सहा वर्षं. 2019 ची हीच रात्र. चिपळूण तालुक्यातलं मातीचं धरण फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावाने आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. मग आंदोलनात खेकडेच पुढाऱ्यांच्या दारात गेले.

खेकडा माती पोखरतो हे खोटं नाही. भाताच्या खाचराचा बांध आम्ही दर पावसाळ्यात फिरून बघतो, बीळ दिसलं की चिखल कोंबून टाचेने दाबतो. पण बीळ बुजवणं हे शेतकऱ्याचं काम असेल, तर धरणाच्या मालकाचं काम काय?

त्यानंतर 2021 चा धरण सुरक्षा कायदा आला. तो 15 मीटरच्या वरच्या धरणांना, आणि 10 ते 15 मधल्या काहींना. आपला बांध त्या कायद्याच्या गुडघ्यालाही लागत नाही. तालुक्याला एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो होतो. म्हणाले, हा आमच्या यादीत नाही. कुणाच्या यादीत आहे, तेही त्यांच्या यादीत नव्हतं.

13 जुलै
रविवार. आठ-दहा पोरं भिंतीच्या खालच्या अंगाला, पाणी कोसळतं तिथे, भिजायला निघालेली. ओरडून उपयोग नाही, हे आता कळलंय. पाण्याची रिकामी बाटली घेतली, वरून सोडली आणि म्हटलं, "मोजा."

बाटली भिंतीवरून पडली, बुडाली, हातभर पुढे वर आली आणि उलटी भिंतीकडे ओढली गेली. पुन्हा बुडाली, पुन्हा वर, पुन्हा मागे. पोरं मोठ्याने आकडे मोजत होती, साठनंतर आवाज कमी झाला. नव्वदला बाटली तिथेच गरगरत होती. कोसळणारं पाणी तळाला आपटून वर येतं आणि त्यातलं बरंचसं माघारी भिंतीकडे वळतं. माणूसही तसाच फिरत राहतो. वर फेसच फेस. फेसात अंग तरंगत नाही. पोहता येणाऱ्यालाही इलाज नसतो. पोरं काठाला बसून भजी खाऊन गेली.

एक जण म्हणाला, भुशीला तर पायऱ्यांवरच बसतात सगळे. बसतात. आगगाडीच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं ते धरण, आता पुण्या-मुंबईची न्हाणी झालंय. 30 जून 2024 ला एकाच घरातले पाच जण गेले, ते धरणात नव्हे, त्याच्या मागच्या धबधब्याच्या ओढ्यात. उभे होते तिथे पाणी वाढत गेलं. त्यानंतरच्याच रविवारी, 7 जुलैला, आपल्या गडाच्या पायऱ्यांवरून लोंढे आले आणि माणसं कठड्याला धरून उभी राहिली. पाऊस वर पडतो. खाली आपल्यावर ऊन असलं तरी ओढ्याला ते माहीत नसतं.

25 जुलै
रात्रभर कोसळला. पहाटे बॅटरी घेऊन गेलो. बादली तेवीस सेकंदांत भरली, आणि पाणी तांबूस. काचेच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवलं. चहा होईस्तोवर तळाला बोटाच्या पेराएवढी माती. धार मोठी झाल्याचं भय नाही एवढं. ती माती घेऊन यायला लागली, म्हणजे आत वाट रुंद होतेय.

वाडीतले आठ जण जमले. शेजारचे दादा सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊनच आले: "नाना, भोक बुजवून टाकू." भोक बाहेरून बुजवलं तर पाणी आत तुंबणार आणि दुसरीकडून काठ फोडणार. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. तासभर हुज्जत झाली. शेवटी दादांनी गोणी छत्रीखाली ठेवली.

आधी जाड वाळू टाकली, तिच्यावर बारीक खडी, मग मोठी, वरून दगड रचले. गाळणीच की. वाळूच्या पहिल्या चार पाट्या वाहून गेल्या, तेव्हा दादा माझ्याकडे बघत होते. मग खडीची पाटी आधी उलटून वेग मोडला आणि वाळू धरू लागली. दुपारी तीनला बादली एकतीस सेकंद. पाणी गढूळच, पण सकाळएवढं नाही.

10 ऑगस्ट
बादली छत्तीस सेकंद. बाटलीत रात्रभर ठेवलेलं पाणी नितळ, तळाला काही नाही. कोपऱ्यावर अजून एक पाटी खडी टाकली.

दिवाळीनंतर फळ्या बसवायच्या आधी उजवी कूस खणायची: काठात दोन हात आत, खाली कातळ लागेपर्यंत, आणि भिंत तिथवर न्यायची. तळाच्या तीन फळ्यांना नव्याने कड्या ठोकायच्या, म्हणजे वरून आकडा लावून ओढता येतील. दादांची सिमेंटची गोणी तेव्हा लागेल. तोवर ती दगड झाली नाही तर. यायला हो म्हणालेले पाच. त्यातल्या दोघांची रजा ठरायचीय.