घोडीला ट्रॉली की पिकअप?

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, यंदा घोडी न्यायचीच. घरचा ट्रॅक्टर-ट्रॉली असताना भाड्याची पिकअप कशाला, असं थोरल्या भावाचं म्हणणं. पैसा मलाही वाचवायचाच होता.

पण गेल्या साली शेजारच्या गावाला ट्रॉलीतूनच नेली होती. उतारावर ब्रेक दाबला तर मागून ट्रॉलीनंच ढकललं. आमच्या ट्रॉलीला ना स्वतःचा ब्रेक, ना पाटे. ऊस भरला की जागेवर राहतो हो, साडेतीनशे किलोचं उभं जनावर राहत नाही. तोल सावरायला पाय टाकतं अन् सगळं वजन एका अंगाला येतं. घोडी गुडघ्यावर आदळली, महिनाभर लंगडली.

म्हणून काल दोन पिकअप बघितल्या. इंजिनाची ताकद विचारलीच नाही. ब्रेक, टायर बघितले, बाजूची फळी घोडीच्या छातीच्या वर येते का ते मापलं. पत्र्यावर नाल घसरते, त्यामुळं खाली माती अन् वर पाचट टाकणार. पहिली गाडी नवी होती, पण पोरगा वळणावरसुद्धा गिअर उतरवत नव्हता. दुसरीचा ड्रायव्हर म्हातारा, गाडी जुनी, भाडं पाचशे जास्त. तीच ठरवली.

भाऊ अजून धुसफुसतोय.