जिन्यातली चौथी पायरी

२५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता. आदल्या रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि सकाळी आमच्या नायगावच्या बीडीडी चाळीत झेंडूच्या हाराविनाच गुढी उभी राहिली. १६० चौरस फुटांत आम्ही सहा जण. ‘घरातच राहा’ असं जो तो सांगत होता. पण चाळकऱ्याचं घर खोलीत कधी मावलंय? गॅलरी हा आमचा दिवाणखाना, जिना ही अभ्यासिका. सगळे एकाच वेळी घरात असण्याची सोय या खोल्यांत कधी नव्हतीच. गिरण्यांच्या काळात तर पाळीप्रमाणे माणसं आळीपाळीनं झोपायची. त्या हुकमानं आमच्या घराची नुसती खोली झाली. मजल्यावरच्या संडासाची रांग हीच काय ती सहल. भांडायचं तर कुजबुजत, आणि रडायचं तर मोरीत, नळ सोडून.

धाकटा भाऊ लेस्टरला. दोन बेडरूमचं घर, मागे बाग, आणि एकटा. दिवसातून एकदा फिरायला जायची मुभा, तीही आम्हाला चैन वाटे. आम्ही साडेआठला जेवायला बसायचो तेव्हा त्याच्याकडे दुपारचे चार. आई मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायची आणि तो तिकडे अवेळी ताट वाढून घ्यायचा. “माझ्याशी बोलू नका, नुसता चालू ठेवा,” म्हणायचा. कुकरची शिटी, बाबांचं खाकरणं, पोरांची कटकट, सगळं त्याला हवं असायचं.

मला मात्र त्याची बाग हवी असायची. जेवणं उरकली की इयरफोन लावून मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसायची आणि त्याला कॅमेरा बाहेर फिरवायला सांगायची. रात्री दहाला माझ्या हातात ऊन असायचं. दोघंही गप्प. बहीणभाऊ इतका वेळ न भांडता कधी बसलो नव्हतो.

१३ जूनपासून इंग्लंडमध्ये एकट्या राहणाऱ्याला दुसऱ्या एका कुटुंबात मिसळायची परवानगी मिळाली. ‘सपोर्ट बबल’ म्हणत त्याला. ऑफिसातल्या एका गुजराती मित्राच्या घरी तो गेला. मित्राच्या आईनं पाठीवरून हात फिरवला तर आपण दचकलो, असं त्या रात्री त्यानं सांगितलं. मला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. कुणाचा तरी धक्का लागल्याशिवाय माझी कूससुद्धा बदलत नव्हती. महिना संपायच्या आत लेस्टरवर पुन्हा बंदी आली. उघडलेली दुकानं ३० जूनला परत मिटली. देशभर मोकळीक येऊ लागली असताना त्याचंच गाव अडकलं. ‘नशीब’ एवढंच तो म्हणाला आणि फोन बरणीला टेकवायला सांगितला.

तो आला २०२२ च्या मे महिन्यात. पहिल्या रात्री त्याचं अंथरूण आम्हा सगळ्यांच्या मधोमध घातलं, त्यानंच मागितलं होतं तसं. पहाटे जाग आली तर जागा रिकामी. दार लोटून बाहेर आले. चौथ्या पायरीवर, कानांत इयरफोन घालून तो बसला होता. काही लावलं नव्हतं त्यानं. वायर नुसतीच लोंबत होती.