खरा ॲश कोणता?

गेल्या दिवाळीत आमच्याकडे एक भांडण झालं. वादी वय वर्षे सात, प्रतिवादी वय वर्षे एकतीस. वादी म्हणजे माझ्या पुतण्याची लेक, तिला आपण चिमणी म्हणू. प्रतिवादी आमचे चिरंजीव. भांडणाचा विषय: पोकेमॉनमधला खरा ॲश कोणता?

झालं असं, की पाडव्याच्या दुपारी सगळे जेवून सुस्तावले होते. चिमणी पोकेमॉन बघते हे कळल्यावर चिरंजीवांना भलतंच भरून आलं. त्यांनी मोठ्या कौतुकाने तिला फोनवर अगदी पहिला भाग लावून दिला. तिने दोन मिनिटं पाहिलं आणि फोन परत केला.

"काका, हा डुप्लिकेट आहे."

"अगं, हाच ओरिजिनल!"

"नाही. ह्याच्या डोळ्यांत नुसता काळा रंग आहे. आणि पिकाचू बघ किती जाड्या आहे!"

मग चिरंजीव पेटले. तुझ्या ॲशचं तोंड पुरीसारखं गोल आहे, नाक कुठे आहे ते शोधावं लागतं, वगैरे वगैरे. शेवटी दोघेही माझ्याकडे आले. का, तर हे दोन्ही ॲश पाहिलेली घरात मी एकटीच. आता 'पाहिलेली' म्हणजे काय, तर मेथी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, "आता बंद कर तो टीव्ही" म्हणताना तिरप्या डोळ्याने पाहिलेली. पण वीसेक वर्षांत तिरप्या डोळ्यानेही बरंच दिसतं.

(वन्सं, तुम्ही हे वाचाल म्हणून थोडक्यात सांगते. ॲश हा दहा वर्षांचा मुलगा. पिकाचू हा त्याचा पिवळा, वीज सोडणारा सोबती. हा मुलगा घर सोडून गावोगाव हिंडतो, त्या त्या प्रदेशातल्या स्पर्धेत उतरतो आणि हरतो. मग पुढच्या प्रदेशात जातो. जपानमधे ही मालिका १ एप्रिल १९९७ ला सुरू झाली आणि ॲश तिचा नायक राहिला तो थेट मार्च २०२३ पर्यंत. बाराशेच्या वर भाग! जपानीत त्याचं नाव सातोशी, मूळ व्हिडिओ गेम बनवणाऱ्या सातोशी ताजिरी यांच्यावरून. आणि ह्या सव्वीस वर्षांत त्याचं वय काही दहाच्या पुढे सरकलं नाही.)

तर चिमणीचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन ॲश शेजारी ठेवले तर फार तर मावसभाऊ वाटतील. पहिला ॲश हाताने रंगवलेला आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या पातळ तावावर पुढून रेघा, मागून रंग, तो ताव रंगवलेल्या देखाव्यावर ठेवायचा आणि कॅमेऱ्याने एकेक फोटो घ्यायचा, असं ते काम. म्हणून त्या जुन्या भागांत रंग जरा मळकट, उबदार दिसतात. रेघ कुठे जाड, कुठे बारीक. २००२ च्या सुमारास हे रंगकाम कॉम्प्युटरवर गेलं. तेव्हा आमचे चिरंजीव नऊ-दहा वर्षांचे, वेफर्सच्या पुड्यांतून टाझो जमवणारे. आपल्याकडे भाग उशिरा यायचे, त्यामुळे आमच्या टीव्हीवर हा बदल नंतर कधीतरी उगवला. एक दिवस ते म्हणाले, "आई, आज ॲश धुतल्यासारखा दिसतोय." मी म्हटलं, "बघ, तो तरी आंघोळ करतो." त्या वयात त्याला जे दिसलं ते मला दिसलं नव्हतं. खरंच धुतल्यासारखाच झाला होता तो. रंग झगझगीत, सपाट, रेघा एकसारख्या.

पिकाचू मात्र हळूहळू बारीक झाला, कुणाच्या लक्षात न येता. सुरुवातीला तो नुसता गोळा होता, मान नाही, कंबर नाही. मग मान आली, पाय आले, पळायला लागला तसा सडपातळ होत गेला. (हे भाग्य आपल्याला नाही.) ॲशच्या डोळ्यांत तपकिरी बुबुळं आली ती २०१० मधे, नव्या प्रदेशातली नवी मालिका सुरू झाली तेव्हा.

काही बदल मात्र शोभेचे नव्हते. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमधे एक भाग लागला. त्यात स्फोटाच्या प्रसंगात लाल आणि निळा प्रकाश फार वेगाने लुकलुकला, आणि तो बघून सहाशेच्या वर मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद होती. त्यानंतर जपानी वाहिन्यांनी अशा लुकलुकत्या दृश्यांवर बंधनं घालून घेतली. गंमत म्हणजे स्फोट झाला होता पिकाचूच्या विजेने, पण शिक्षा झाली ती त्या भागातल्या पोरीगॉन नावाच्या दुसऱ्याच पात्राला. ते बिचारं पुन्हा कधी धड कथेत आलं नाही. पिकाचू नायकाचा लाडका ना! असं घरोघरी असतं.

असो. चेहऱ्याचं एवढं काही नाही. चिरंजीवांचं खरं दुखणं वेगळं होतं. ते म्हणजे ॲशचा स्वभाव.

पहिला ॲश म्हणजे चिडका, फुशारक्या मारणारा, पहिल्याच दिवशी उशिरा उठणारा पोरगा. मिस्टीशी कडाकडा भांडायचा. मग हळूहळू शहाणा झाला. ह्याच्या चुकांतून शिकला, त्याच्याकडून शिकला. मिस्टी गेली, नव्या मुली आल्या, ब्रॉक तेवढा बराच काळ टिकला. तोही शेवटी डॉक्टरकी शिकायला परत गेला. आणि ॲश असा चांगला तयार झालेला असताना २०१० मधे नवीन मालिकेत त्याला पुन्हा कोरा करून टाकला. पहिल्याच झटक्यात एका नवशिक्या मुलाकडून हरला! चिरंजीव तेव्हा अकरावीत. तोवर इंटरनेटवर जपानीत बघायची सोय झाली होती. दोन दिवस घरात सुतकी चेहरा. "आई, इतकं सगळं शिकलेला तो विसरेलच कसा?" मी म्हटलं, "तुझा दहावीचा भूमितीचा पेपर काढू का आत्ता?" पण प्रश्न बरोबर होता त्याचा. माणूस शिकलेलं विसरतो का? त्याचं उत्तर कथेत नव्हतंच. ते बाहेर होतं. दर तीन-चार वर्षांनी नवीन गेम, नवीन प्रदेश, आणि पडद्यासमोर नवीन सात-आठ वर्षांची मुलं. जुनी मुलं मोठी होऊन उठून गेलेली. नव्या मुलांना शहाणा ॲश कशाला हवा? त्यांना त्यांच्याबरोबर शिकणारा हवा.

फक्त आमच्यासारखी काही मुलं उठलीच नाहीत जागेवरून.

मग २०१३ मधे पुढची मालिका आली आणि चिरंजीव पुन्हा खूश. चेहरा धारदार, मारामाऱ्या देखण्या, ॲश शांत, विचार करून खेळणारा. त्याचा ग्रेनिंजा नावाचा एक बेडूक त्याच्याशी इतका एकरूप व्हायचा की लढताना ॲशसारखाच दिसायला लागायचा. सगळ्यांना खात्री, यंदा हा जिंकणार. २०१६ च्या ऑगस्टमधे फायनल झाली. ॲश हरला.

आता इथे मला घरातलं सांगणं भाग आहे. त्याच वर्षी जुलैत चिरंजीवांचा सीए फायनलचा निकाल लागला होता. तिसरा अटेम्प्ट. दुसरा ग्रुप पुन्हा राहिला. घरात कुणी काही बोलत नव्हतं, आणि ते न बोलणंच भांड्यांच्या आवाजातून ऐकू येत होतं. अशात एका संध्याकाळी मी खोलीत गेले तर हे लॅपटॉपसमोर, डोळे लाल. मला वाटलं निकालाचं मनावर घेऊन बसलाय. जवळ गेले, तर पडद्यावर ॲश. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, "हरला."

माझा तोल गेला. मी म्हटलं, "एकोणीस वर्षं हरतोय आणि अजून दहा वर्षांचाच आहे. तुझंही तेच होणार."

तो काही बोलला नाही. लॅपटॉप मिटला आणि खाली फिरायला गेला. त्यानंतर त्याने माझ्यासमोर पोकेमॉनचं नाव काढलं नाही. मीही ते वाक्य परत घेतलं नाही. घेता येतं हे ठाऊक असूनही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात चिमणीवाला ॲश आला. गोल तोंड, मऊ रेघा, भटकायचं सोडून चक्क शाळेत जाणारा. जुने प्रेक्षक जगभर चिडले. एवढा देखणा केलेला मुलगा, त्याचं असं कार्टून करून टाकलं म्हणून. मला मात्र तो बघताना वेगळंच दिसलं. तो हलत होता! तोंड वाकडं करायचा, धपकन पडायचा, हसताना अख्खा चेहरा हसायचा. चेहऱ्यावर रेघा कमी असल्या की दर चित्रात काढायला कमी लागतात, मग तो हवा तसा वाकवता येतो, ताणता येतो. आधीचा धारदार ॲश लढताना सुंदर, पण एरवी जरा फोटोला उभा राहिल्यासारखा. हा गोल तोंडाचा पोरगा घरातला वाटायचा. आणि हा पठ्ठ्या २०१९ च्या सप्टेंबरमधे जिंकला की! बावीस वर्षांनी पहिली मोठी स्पर्धा, ती ह्या पुरीच्या तोंडाने.

चिरंजीवांनी तोवर सीएचा नाद सोडून पुण्यात हिशेबाच्याच कामाची नोकरी धरली होती. तिथे लोक त्याला विचारून सही करतात, असं त्याच्या मित्राकडून कळलं. तो सांगणार नाही. त्या सप्टेंबरातल्या एका रविवारी त्याचा फोन आला.

"आई, जिंकला."

"कोण रे?"

"काही नाही. जेवलीस का?"

फोन ठेवल्यावर संध्याकाळी कधीतरी माझ्या लक्षात आलं कोण ते. मग मी फोन केला नाही. का नाही केला, ह्याचं उत्तर अजून शोधतेय.

पुढचं मी माझं मीच बघितलं. २०२२ च्या नोव्हेंबरात तो जगज्जेता झाला, आणि २०२३ च्या सुरुवातीला ॲशचा निरोप म्हणून अकरा भाग आले. १९९९ च्या एका भागात त्याने पिजॉट नावाच्या पक्ष्याला रानात सोडलं होतं, परत येतो म्हणून शब्द देऊन. ते राहूनच गेलं. प्रेक्षकांनी त्यावर वर्षानुवर्षं टोमणे मारले. तो शब्द निरोपाच्या भागांत पाळला गेला. शब्द देणारा हाताने रंगवलेला, पाळणारा कॉम्प्युटरवरचा. नाक वेगळं, डोळे वेगळे. आवाज मात्र जपानीत शेवटपर्यंत एकाच बाईंचा, रिका मात्सुमोतो यांचा. पिकाचूचाही तसाच, इकुए ओतानी यांचा. आपल्या हिंदीत आवाजही बदलत गेले.

तर पाडव्याला मी निकाल दिला की डोळे मिटून ऐका आणि मग सांगा. दोघांनी मिटले. मी जपानीतला पहिला भाग लावला, मग चिमणीचा, तोही जपानीत. चिमणी म्हणाली, "आजी, काय बोलतायत ते कळत नाहीये." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण तोच ओरडतोय." आणि मग, सात वर्षांच्या माणसाला हार मानायची नसते म्हणून, "पण पिकाचू जाड्याच आहे."

चिरंजीव तिला टोपीतले फरक दाखवत बसले. बहुतेक प्रदेशांत टोपी नवी, गालावरच्या त्या दोन वाकड्या रेघा मात्र तशाच. मी चहा टाकायला उठले, तो कप काढायला मागे आला. पाठमोरी होते म्हणून जमलं असेल, विचारून टाकलं.

"तुला आठवतं का रे, मी एकदा काय बोलले होते?"

"कधी?" त्याने विचारलं. मग कप मांडत म्हणाला, "हां. ग्रेनिंजाच्या वेळी."

"ते चुकलंच माझं."

"तो हरला ते जास्त लागलं होतं गं," असं म्हणाला आणि हसला. खरं बोलला की माझी सोय केली, मला कळलं नाही. चेहरा नीट बघावा म्हणून वळले, तर बाहेरून हाक आली, "काकाऽऽ, तो जाड्यावाला पुढचा भाग लाव ना!" आणि हे कप तसेच टाकून पळाले.